गोल आधी कळतो आणि मग दिसतो

स्ट्रीमिंग अ‍ॅपवाल्यांनो, ज्या फुटबॉल सामन्यांना ‘लाइव्ह’ म्हणून आमच्याकडून वर्षाचे पैसे घेता, ते लाइव्ह नसतात. चॅम्पियन्स लीगचा, म्हणजे युरोपातल्या बड्या क्लबांच्या स्पर्धेचा, सामना थंडीच्या महिन्यांत आपल्याकडे रात्री दीडला सुरू होतो. बुधवारचा सामना संपेपर्यंत गुरुवार उजाडायला आलेला असतो, म्हणजे पुण्यात पाणी बंद असण्याची सगळ्यात जास्त शक्यता असलेला वार. बादल्या भरून ठेवायच्या, सकाळच्या ऑफिसचा विचार बाजूला सारायचा, घरातलं कुणी उठू नये म्हणून टीव्हीचा आवाज दोनवर ठेवायचा. आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला, १-१ असताना, पडद्यावर आपला गोलकीपर गोलकिकसाठी चेंडू ठेवत असतो तेव्हा शेजारी ठेवलेला फोन थरथरतो. गोल. कुणाचा, कितव्या मिनिटाला, सगळं एका ओळीत. पुढची चाळीस सेकंदं मग काय पाहायचं?

क्रिकेटमध्ये एक चौकार आधी कळला तर फारसं बिघडत नाही, पुढे शंभर चेंडू उरलेले असतात. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत दोन-तीन गोल होतात, कधी एकच, कधी तोही नाही. चेंडू जाळ्यात जाणार की खांबाला लागणार हे कुणालाच माहीत नसतं, त्या एका सेकंदासाठी अख्खा हंगाम सोसायचा असतो. १३ मे २०१२ आठवा. मँचेस्टर सिटीला इंग्लिश प्रीमियर लीगच्या विजेतेपदासाठी जिंकणं भाग होतं, नव्वद मिनिटं झाली तेव्हा ते १-२ ने मागे होते. जादा वेळेत आधी झेको, मग ९३ मिनिटं २० सेकंदांवर अग्वेरो. आपल्याकडे रविवारची रात्र होती, सव्वानऊच्या पुढे. अग्वेरोच्या पायात चेंडू येण्याआधीच फोनवर ‘३-२’ आलं असतं, तर त्या क्षणाचं काय उरलं असतं? आज प्रत्येक शनिवार-रविवारी लोकांचं हेच होतंय आणि वर ‘तेवढं काय त्यात’ म्हणून ऐकून घ्यावं लागतं.

‘सामना इंग्लंडात, सिग्नल लांबून येतो’ असं सांगणाऱ्यांनी आधी हिशेब करावा. उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंच असतो. तिथवर जाऊन खाली यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो. केबलने आला तर त्याहून कमी. उशीर अंतराचा नाही, तो नंतर तयार होतो. आलेलं चित्र आधी चार-पाच वेगवेगळ्या दर्जांत एन्कोड करतात, म्हणजे नेटवरून पाठवता येईल असं आटोपशीर करतात. मग त्याचे तुकडे पाडतात, साधारण सहा-सहा सेकंदांचे. तुकडा पूर्ण झाल्याशिवाय तो पुढे जात नाही, म्हणजे सहा सेकंद तिथेच गेले. तो देशभरच्या सर्व्हरवर पोचतो. मग तुमच्या टीव्हीतलं अ‍ॅप असे निदान तीन तुकडे साठवल्याशिवाय दाखवायला सुरुवात करत नाही, म्हणजे अठरा सेकंद नुसते रांगेत. त्यात जाहिराती घुसवण्याची सोय, एन्कोडिंगचा वेळ, सर्व्हरची धावाधाव मिळवा. तीस सेकंद सहज होतात, गर्दीच्या सामन्याला त्याहून जास्त.

हे टाळता येत नाही असंही नाही. कमी विलंबाने स्ट्रीम करण्याची पद्धत अ‍ॅपलने २०१९ मध्येच जाहीर केली. तुकड्याचेही तुकडे करायचे आणि तयार होतील तसे पाठवायचे. नीट बसवली तर विलंब पाच सेकंदांच्या आसपास येतो. पण त्यात साठा कमी राहतो, नेट जरा अडखळलं की चित्र थांबतं, आणि चित्र थांबलं की तक्रारी येतात. उशिराची तक्रार कुणी करत नाही, कारण उशीर पडद्यावर दिसतच नाही. म्हणून तो आमच्या माथी मारला जातो. याचाच जास्त संताप येतो.

त्यात चित्र अडकून पडद्यावर लोडिंगचं चक्र फिरायला लागलं की आणखी वाट लागते. चित्र आठ सेकंद अडकलं आणि पुन्हा सुरू झालं, तर बरीच अ‍ॅप जिथे अडकलं तिथूनच पुढे चालवतात. ती आठ सेकंदं तुमच्या उशिरात कायमची जमा होतात. पहिल्या हाफमध्ये असं चार वेळा झालं की तीस सेकंदांचा मिनिट झालेला असतो आणि कोपऱ्यात लाल ठिपक्याशेजारी ‘लाइव्ह’ तसंच झळकत असतं. म्हणून प्रत्येक अडथळ्यानंतर त्या ‘लाइव्ह’वर दाबा. तरी फरक पडला नाही तर अ‍ॅप पूर्ण बंद करून उघडा. हाफटाइमला तर न चुकता करा. फोनवरून टीव्हीवर कास्ट करत असाल तर ते आधी बंद करा, त्यात आणखी काही सेकंद जातात. टीव्हीतलंच अ‍ॅप वापरा. राउटर ते टीव्ही लॅनची वायर टाका. आपल्या सोसायट्यांमध्ये भिंतीला भिंत लागून वीस-पंचवीस वायफाय असतात आणि २.४ गिगाहर्ट्‌झवर सगळ्यांची कोंबाकोंबी होते. वायर शक्य नसेल तर निदान ५ गिगाहर्ट्‌झवर जा. नेट कुरकुरत असेल तर दर्जा ‘ऑटो’वर न ठेवता ७२० वर कायम करा. टीव्हीचा गेम मोड लावा असा सल्ला सर्रास दिला जातो, त्याने या बाबतीत काही होत नाही. तो सेकंदाचा जेमतेम दहावा भाग वाचवतो.

एवढं सगळं करूनही खालच्या मजल्यावरचा डीटीएचवाला तुमच्या पुढेच असणार. त्याचा उशीर बहुधा एक आकडी असतो. तो ओरडला की संपलं. त्याचा राग धरण्यात अर्थ नाही, त्याने गोलवर ओरडायचं नाही तर कधी ओरडायचं? ज्यांना परवडतं आणि चॅनल मिळतं त्यांनी मोठ्या सामन्यापुरता तरी डीटीएचच धरावा.

स्कोअरच्या अ‍ॅपचं मात्र वेगळं आहे. त्यांना माहिती टीव्हीवरून मिळत नाही. मैदानात बसलेला माणूस गोल झाल्याबरोबर बटण दाबतो, ते आकडे सट्टेबाजीच्या धंद्यासाठी सेकंदावर विकले जातात आणि त्याच पुरवठ्यातून तुमच्या फोनवर सूचना येते. म्हणजे बटण ते फोन पाच-सहा सेकंद, आणि पैसे भरून घेतलेलं चित्र चाळीस सेकंद. सूचना बंद करताना फक्त गोलची बंद करू नका. ‘लाल कार्ड’ आणि ‘हाफटाइम’सुद्धा बंद करा, त्यातही स्कोअर लिहिलेला असतो. मनगटावरच्या घड्याळाच्या सूचना वेगळ्या असतात, त्या हमखास राहून जातात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठ तासांसाठी म्यूट करा आणि अर्काइव्हमध्ये टाका, नाहीतर नुसतं वेळ बघायला फोन उचलला तरी वरच्या ओळीत ‘काय गोल आहे राव!’ दिसतो. आणि ग्रुपमधल्या डीटीएचवाल्यांनो, हात जोडून सांगतो, गोल झाल्यावर एक मिनिट थांबा. एकच मिनिट. तुमचा आनंद कुठे जात नाही, आमचा जातो.

आता यात व्हीएआर मिळवा, म्हणजे व्हिडिओ पाहून पंचांचा निर्णय तपासण्याची पद्धत. १७ एप्रिल २०१९, सिटी विरुद्ध टॉटनहॅम, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी. नव्वद मिनिटांनंतरच्या भरपाई वेळेत सिटीच्या स्टर्लिंगचा गोल झाला, सिटी उपांत्य फेरीत पोचली, स्टेडियम वेडं झालं. मग व्हीएआरने ऑफसाइड दिला, गोल रद्द आणि टॉटनहॅम पुढे. पुण्यात तेव्हा मध्यरात्रीचे दोन वाजून गेले होते. मार्च २०२५ मध्ये बोर्नमथ आणि वुल्व्ह्‌जच्या एफए कप सामन्यात एका गोलची तपासणी सुमारे आठ मिनिटं चालली. मैदानातला माणूस निदान एकदाच हसतो आणि एकदाच रडतो. आपल्याकडे आधी फोनवर ‘गोल’ येतो, मग चाळीस सेकंदांनी पडद्यावर गोल होतो, खेळाडू मिठ्या मारत असतात आणि त्याच वेळी फोन सांगतो ‘गोल रद्द’. पडद्यावर जल्लोष आणि हातात सुतक. व्हीएआरबद्दल वाद घालू, पण तो वाद चित्र पाहिल्यावर घालू द्या.

बालेवाडीच्या स्टेडियममध्ये बसून पाहताना यातलं काही नव्हतं. पुणे एफसी २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, दुसरी आली, २०१५ मध्ये संपली. एफसी पुणे सिटी मार्च २०१८ मध्ये बालेवाडीत आयएसएलच्या (इंडियन सुपर लीग) उपांत्य फेरीचा पहिला सामना खेळली, बेंगळुरूला ०-० वर रोखलं, आणि २०१९ मध्ये तोही क्लब गेला. चेंडू खांबाला लागल्याचा आवाज आणि हजारो लोकांचं हळहळणं तिथे एकाच क्षणी ऐकू यायचं. आता आयएसएलचा सामना मैदानात पाहायचा तर घाट उतरून मुंबई गाठा. म्हणजे पुणेकर चाहत्यासाठी पडदा ही चैन नाही, तेवढंच उरलंय.

म्हणून मागणी सरळ आहे. किमतीशेजारी ‘फोर-के’ लिहिता, ‘दोन स्क्रीन’ लिहिता, तिथेच विलंब किती सेकंद तेही लिहा. सेटिंगमध्ये कमी विलंबाचा पर्याय द्या. चित्र अधूनमधून अडकलेलं चालेल की उशीर चालेल, हे आम्ही ठरवू. आणि मागे पडलेलं चित्र आपोआप पुढे नेता येत नसेल, तर तोवर कोपऱ्यातला तो ‘लाइव्ह’ शब्द काढून टाका.