आधी नीट भांडा तरी

आमच्या वाचनगटात सहा जणी आहोत. पाच भारतात, मी एकटी जर्मनीत. महिन्यातल्या एका रविवारी व्हिडिओ कॉल होतो, तेव्हा तिकडे संध्याकाळ असते आणि इकडे दुपार. या महिन्याची कादंबरी इंग्रजी होती. विमा कंपनीत काम करणारे दोघं, एकाच बढतीवर दोघांचा डोळा, एकमेकांचं तोंड पाहायला तयार नाहीत आणि शेवटी अर्थातच गळ्यात गळे. या प्रकाराला हल्ली ‘एनिमीज टू लव्हर्स’ म्हणतात. मला तो मनापासून आवडतो, हे आधीच सांगून टाकते. नाक मुरडायचं म्हणून मी वाचायला बसले नव्हते. शुक्रवारी रात्री हौसेनं पुस्तक उघडलं आणि शनिवारी दुपारी कुणीतरी गंडवल्यासारखं मिटलं.

कॉलवर मात्र वाद पेटला तो भलत्याच गोष्टीवरून. माझी आतेबहीण तिच्या कंपनीच्या अंतर्गत समितीवर आहे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा त्याहून जास्त माणसं जिथे काम करतात, तिथे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अशी समिती नेमावीच लागते. ती म्हणाली, “अगं, हा बाबा बाराव्या प्रकरणातच माझ्यासमोर येऊन बसला असता. ती तीनदा ‘जा’ म्हणते आणि हा लिफ्टचं बटण दाबून उभा!” कॉलेजात शिकवणारी मैत्रीण म्हणाली, “कादंबरी आहे ती, सेवानियमांचं पुस्तक नाही.” अर्धा तास हेच चाललं. मग गाडी कामाच्या तासांवर घसरली. २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हटलं होतं, आणि २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी आकडा ९० वर नेऊन, घरी बसून बायकोकडे किती वेळ बघणार, असंही विचारलं होतं. तिसरी म्हणाली, “म्हणजे बघायला माणूस ऑफिसातच शोधायचं, नाही का?” सगळ्या खो-खो हसल्या.

मी गप्प होते. लिफ्टच्या बाबतीत आतेबहिणीचं मला पटतं, पण माझी तक्रार लिफ्टच्या बरीच आधी सुरू होते. हे दोघं मुळात शत्रूच नाहीत.

वैराचं कारण काय, तर पहिल्या दिवशी तिनं पुढे केलेला हात त्यानं हातात घेतला नाही. दोनशे पानांनंतर कळतं की त्याच्या मनगटाला दुखापत झाली होती. बस्स! शिवाय तो पहिल्या दिवसापासूनच तिच्यावर फिदा होता. म्हणजे भांडत होती ती एकटीच, आणि तीही एका मनगटाशी. बढतीचा पेच तरी? शेवटी त्याला दुसरीकडून नोकरी येते आणि खुर्ची आपोआप तिला मिळते. कुणी हरत नाही, कुणाला काही सोडावं लागत नाही. आणि सगळ्यात मोठी निराशा म्हणजे, विमा कंपनीतली कादंबरी असून एकाही दाव्याची फाइल उघडत नाही. मी खरंच वाट पाहत होते. एखाद्या म्हाताऱ्याचं घर जळलंय, हा म्हणतो नियमात बसत नाही, ती म्हणते पैसे द्या. असं काही असतं तर दोघांचंही बरोबर वाटलं असतं आणि दोघांचाही राग आला असता. इथे तीनशे पानं एका खोलीत बसलेली माणसं संध्याकाळपर्यंत नेमकं काय करतात, याचा मला पत्ता लागला नाही.

हे आपल्याकडे किती आधी जमलेलं आहे! खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११ चं. भामिनी धैर्यधराला झिडकारते ती गैरसमजातून नव्हे. तो गरीब आहे आणि तिला श्रीमंतीचा तोरा आहे. मत चुकीचं असेल, पण ते तिचं स्वतःचं आहे आणि ते सोडताना तिला खाली उतरावं लागतं. म्हणून ती वनमाला होऊन त्याच्यासमोर येते, तेव्हा आपण खुर्चीत सरसावून बसतो.

माझा स्वतःचा शत्रू मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत समोरच्या टेबलावर बसतो. माझा चाचणी अहवाल त्यानं तीनदा परत पाठवला होता. मी आकडे दोन दशांश स्थळांपर्यंत दिले होते, त्याला तीन हवे होते. आवाज कधी चढला नाही. समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात ‘कृपया तपासावे’, एवढंच. जानेवारीत सकाळी साडेसातला तो खिडकी सताड उघडायचा, मी कोट घालून टाइप करायची. दोन वर्षं आम्ही एकमेकांना ‘झी’ म्हणजे ‘तुम्ही’ म्हणत होतो. हल्ली इथल्या बऱ्याच कंपन्यांत पहिल्या दिवसापासून ‘दू’ म्हणजे ‘तू’ चालतं, पण आमची जुन्या वळणाची. मग एका ग्राहकाची तक्रार आली आणि भर बैठकीत, सगळ्यांसमोर, तो म्हणाला की यांचा आकडा बरोबर होता, चूक माझी. बैठकीनंतर कॉफीच्या यंत्रापाशी येऊन म्हणाला, आता आपण ‘दू’ म्हणायला हरकत नाही. इथे हा प्रस्ताव वयानं किंवा पदानं मोठ्यानं मांडायचा असतो. (तो अठ्ठावन्न वर्षांचा आहे आणि आजोबा आहे. नवऱ्याला सगळं सांगितलंय.)

इंग्रजीत ही पायरीच नाही, तिथे सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे लेखिकेला ती हातानं बांधावी लागते, आणि या लेखिकेनं बांधली नाही. मी मनातल्या मनात पुस्तक मराठीत करून पाहिलं: दोघं पहिल्या पानापासून ‘अरे-तुरे’च करत होते. मराठीत असे दोघं भांडले असते तर ‘तुम्ही’ हेच मुख्य हत्यार झालं असतं. जवळच्या मैत्रिणीवर चिडलो की आपण ‘तुम्ही काय बाई, मोठे लोक’ म्हणतो, तसं.

मैत्रिणींचा आणखी एक समज म्हणजे ‘तुमच्याकडे सगळं चालतं’. अर्धंच खरं. वॉलमार्टनं जर्मनीतल्या आपल्या दुकानांत कर्मचाऱ्यांच्या आपसातल्या प्रेमावर बंधन घालणारी नियमावली आणली होती. २००५ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या कामगार अपील न्यायालयानं ते कलम उडवलं. पण शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये २०२५ च्या सप्टेंबरात नेस्लेनं आपल्या मुख्य अधिकाऱ्याला घरी पाठवलं, कारण हाताखालच्या व्यक्तीशी असलेलं नातं त्यानं लपवलं होतं. आपल्या २०१३ च्या कायद्यातही प्रेमाला बंदी नाही, प्रश्न ‘नकोशा’ वागण्याचा आहे. कादंबरीतले दोघं तर समान पदावर. तेव्हा त्यांचं प्रेम दोन्ही देशांत बसतं, लिफ्टचं बटण कुठेच बसत नाही.

एका जागी मात्र मला माघार घ्यावी लागली. कादंबरीत दोघं रात्री एक वाजेपर्यंत ऑफिसात असतात आणि सकाळी आठला पुन्हा हजर. मी हसत म्हटलं, इथे कामाच्या दोन दिवसांमध्ये सलग ११ तासांची विश्रांती कायद्यानंच द्यावी लागते, त्यामुळे अर्धी कादंबरी बेकायदेशीर! कुणी हसलं नाही. कॉलेजवाली म्हणाली, तिच्या धाकट्या बहिणीला पूर्ण पुस्तकात तेवढाच प्रसंग खरा वाटला. तिचं लग्न अशाच रात्रींतून जमलं. मी पाचला घरी जाते. आमच्या मजल्यावर कुणाचं जमलेलं मी पाहिलेलं नाही, कारण दिवे लागेपर्यंत कुणी थांबतच नाही. हे चांगलंच आहे, असं मी म्हणते. पण म्हणताना जरा थांबले.

कॉल संपता संपता आतेबहिणीनं विचारलं, “आणि त्या खिडकीचं काय झालं गं?”

अजून तोच उघडतो. फक्त आता मला ओरडता येतं: अरे, लाव ती!