मोटर कोण बंद करणार?

उपग्रहाच्या चित्रांतून उसाचं शेत ओळखायला संगणकाला शिकवायचं, असं आम्ही पाच मित्रांनी ठरवलं. लॅपटॉपला ते झेपेना, तेव्हा क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने, सामायिक मशीन घेऊ म्हणालो. कार्ड कोणाचं, या प्रश्नावर चौघांनी एकदम चहाचे कप तोंडाला लावले.

जीपीयूवालं, म्हणजे जड आकडेमोड झपाट्याने करणाऱ्या चिपचं, मशीन मागितलं तर उत्तर आलं: तुमचा कोटा 0. रेशनकार्ड आहे, पण त्यावर साखर नाही! कशाला हवंय ते लिहून अर्ज करा म्हणाले. 'ऊस ओळखण्यासाठी' असं खरं खरं लिहिलं. दोन दिवसांनी मिळालं.

मग लॉगिन. "आपापल्या एसएसएच की, म्हणजे मशीनमध्ये शिरायच्या दोन फायलींची जोडी, बनवा आणि फक्त पब्लिकवाली फाइल मला पाठवा," असं बजावलं होतं. दोघांनी नीट पाठवली. तिसऱ्याने दोन्ही फायली व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकल्या, म्हणजे कुलूपही दिलं आणि किल्लीही. चौथ्याने स्क्रीनशॉट पाठवला.

चौथ्या दिवशी 100 जीबीची डिस्क भरली. बघतो तर 18 जीबीची तीच ती चित्रं पाचही जणांच्या फोल्डरात. (हो, माझ्याही.) मी हौसेने केलेलं 'शेअर्ड' फोल्डर मात्र रिकामं.

पण खरा छळ मोटरीचा. आमच्या सोसायटीत पाण्याची मोटर लावायला सगळे पुढे, बंद करायला कोणी नाही. मशीनचंही तेच: पैसे तासावर, आणि 'मला वाटलं तू अजून वापरतोयस' हे सगळ्यांचं उत्तर. बजेटचा अलर्ट लावला. तो ईमेल करून टाकी भरल्याचं कळवतो. मोटर काही बंद करत नाही.

शेवटी क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम करणारा गजर, लावून टाकला. रोज रात्री 11 ला मशीन आपोआप बंद! आठवडाभर निवांत झोपलो. बिल पाहून झोप उडाली. सर्व्हरचं, म्हणजे त्या मशीनचं, घड्याळ यूटीसीचं, जागतिक प्रमाणवेळेचं. त्याचे रात्रीचे 11 म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार. रोज साडेपाच तास ते रिकामं फिरत होतं, आणि दूधवाला यायच्या जरा आधी बंद पडत होतं.

तेव्हा यूटीसीचे 17:30 टाकले. त्या रात्री अकरा वाजून एक मिनिटाने फोन वाजला.

"अरे, मशीन कोणी बंद केलं? माझं ट्रेनिंग 97 टक्क्यांवर होतं!"