फिलर विरघळतं, पण कोणतं?

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: गाल बसलेत? बिनधास्त फिलर घ्या, नाही आवडलं तर एका इंजेक्शनने विरघळतं. फिलर म्हणजे चेहऱ्याची बसलेली जागा भरायला टोचतात तो पदार्थ. मेसेज अर्धाच खरा आहे. ते इंजेक्शन हायल्युरोनिडेज या एन्झाइमचं, आणि ते फक्त हायल्युरोनिक ॲसिडच्या जेलवर चालतं. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॲपेटाइट किंवा पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड या इतर फिलरवर त्याचा उपयोग शून्य. पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड तर जेलसारखं लगेच जागा भरत नाही. ते त्वचेला हळूहळू कोलॅजन (त्वचेला भरीव ठेवणारं प्रथिन) बनवायला लावतं, फरक दिसायला महिने जातात. अमेरिकेत २००४ साली त्याला पहिली मंजुरी मिळाली, तीही एचआयव्हीग्रस्तांच्या खोल गेलेल्या गालांसाठी. स्वतःच्याच पोटाची चरबी काढून गालात भरली असेल, तर तीही या एन्झाइमने जात नाही.

त्याच मेसेजमधलं ‘बोटॉक्सने गाल भरतात’ हे साफ चूक. बोटॉक्स स्नायू सैल करतं, भरत काहीच नाही.

आणि बिनधास्त कसलं? जेल चुकून रक्तवाहिनीत गेलं तर तिथली त्वचा मरू शकते, क्वचित दृष्टीही जाते. हे काम पार्लरमध्ये नकोच. डॉक्टरांकडेही फिलरचं खोकं समोर उघडायला सांगा आणि त्यावरच्या नावाचा फोटो काढून ठेवा. उद्या काही झालं तर पहिला प्रश्न ‘कोणतं फिलर होतं?’ हाच येतो.