सौर शीड वाऱ्यावर चालत नाही

‘स्टार ट्रेक’मधील ‘डीप स्पेस नाइन’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या मे १९९५ मधील ‘एक्सप्लोरर्स’ या भागाविषयी फोंडा-म्हापसा परिसरातील मराठी विज्ञानप्रेमींमध्ये सध्या एक संदेश फिरत आहे. त्यातले शिडाचे अंतराळयान ‘सौरवाऱ्यावर’, म्हणजे सूर्यापासून वाहणाऱ्या विद्युतभारित कणांच्या झोतावर, चालते आणि असे यान प्रत्यक्षात कधी उडालेलेच नाही, असे त्यात म्हटले आहे. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत.

मांडवीच्या मुखाशी वाऱ्याने फुगणारे शीड आपण पाहिलेले असल्यामुळे हा गैरसमज होणे स्वाभाविक आहे. परंतु सौर शिडाला रेटा मिळतो तो प्रकाशकणांचा. आरशासारख्या शिडावरून ते परावर्तित होताना त्याला संवेग देतात. पृथ्वीच्या अंतरावर हा रेटा प्रति चौरस मीटर जेमतेम नऊ मायक्रोन्यूटन भरतो, तरीही सौरवाऱ्याच्या दाबापेक्षा तो हजारो पटींनी अधिक असतो. तो अखंड मिळत राहतो, म्हणून वेग साचत जातो.

जपानच्या ‘इकारोस’ यानाने २०१० मध्ये केवळ ०.००७५ मिलिमीटर जाडीचे, चौदा मीटर बाजूचे शीड उघडून शुक्राजवळून प्रवास केला. २०१९ मध्ये ‘लाइटसेल २’नेही पृथ्वीभोवती हे तत्त्व सिद्ध केले.

मालिकेतील यानाचा प्रकाशापेक्षा अधिक वेग मात्र निव्वळ कल्पना आहे. हाताने दांडा फिरवून शिडे उलगडणारे अंतराळस्थानकाचे प्रमुख सिस्को आणि त्याच प्रवासात लेखनशिक्षणाची संधी मिळाल्याचे त्यांना सांगणारा त्यांचा मुलगा जेक, हा त्या भागाचा खरा गाभा आहे, आणि संदेशात नेमका त्याचाच उल्लेख नाही.