झेंड्यावर युनियन जॅक, म्हणून फिजी ब्रिटनच्या राजाचा?

‘फिजीच्या झेंड्यावर अजून युनियन जॅक (ब्रिटनचा झेंडा) आहे, त्याच झेंड्यातल्या ढालीवर ब्रिटिश सिंह आहे, देश कॉमनवेल्थमध्ये आहे, म्हणजे तिथे आजही ब्रिटनच्या राजाचंच राज्य’ असा मजकूर सगळीकडे फिरतोय. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, त्यावरून काढलेला अर्थ मात्र साफ चुकीचा आहे.

आधी युनियन जॅक. हा झेंडा १० ऑक्टोबर १९७० चा, फिजी स्वतंत्र झाला त्या दिवसाचा. तेव्हा राणी एलिझाबेथ खरोखरच फिजीची राष्ट्रप्रमुख होती. १९८७ मध्ये लष्करी अधिकारी सितिवेनी राबुका यांनी मे आणि सप्टेंबरमध्ये लष्करी उठाव केले, ऑक्टोबरमध्ये प्रजासत्ताक जाहीर झालं आणि राणीचं ते पद गेलं. झेंडा तेवढा तसाच राहिला. २०१५ मध्ये पंतप्रधान बैनीमारामा यांनी तो बदलण्याची घोषणा केली. पण ऑगस्ट २०१६ मध्ये रिओत फिजीने रग्बी सेव्हन्सच्या अंतिम सामन्यात ब्रिटनलाच ४३-७ असं हरवून देशाचं पहिलं ऑलिंपिक पदक जिंकलं. लोकांनी जल्लोषात हाच आकाशी झेंडा नाचवला आणि सरकारने बदलाचा बेत गुंडाळला.

कोपऱ्यातल्या चिन्हावरून राजा ठरवायचा, तर अमेरिकेतलं हवाई राज्यही ब्रिटनचं म्हणावं लागेल. त्याच्याही झेंड्यात युनियन जॅक आहे. उलट पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांच्या झेंड्यांवर तो नाही, तरी तिथे राष्ट्रप्रमुख राजे चार्ल्सच आहेत.

ढाल जवळून पाहिली तर त्या सिंहाच्या पंजात कोकोची शेंग दिसते. खाली लाल क्रॉसने पाडलेल्या चार चौकटी: वर ऊस आणि नारळाचं झाड, खाली चोचीत ऑलिव्हची डहाळी धरलेलं कबुतर आणि केळी. हे कबुतर १८७४ मध्ये ब्रिटिशांनी ताबा घेण्याआधीच्या, थाकोंबाऊ या स्थानिक राजाच्या राज्याच्या झेंड्यातलं. आणि १८७९ पासून गिरमिटवर, म्हणजे मजुरीच्या करारावर, नेलेले भारतीय मजूर राबले ते मुख्यतः उसाच्याच मळ्यांत. एवढं सगळं सोडून फक्त सिंह पाहायचा, हे त्या ढालीवर अन्यायाचं आहे.

कॉमनवेल्थचं म्हणाल, तर भारतही त्यात आहे. ५६ सदस्यांपैकी फक्त १५ देशांत राजा राष्ट्रप्रमुख आहे.

पुराव्यादाखल राणीचं चित्र असलेली फिजी डॉलरची नोटही दाखवली जाते. ती नोट खोटी नाही, जुनी आहे. प्रजासत्ताक झाल्यावरही पाव शतक राणी नोटांवर होती. २०१३ पासून चलनात आलेल्या मालिकेत तिच्या जागी तिथले पशुपक्षी आणि वनस्पती आल्या.

राष्ट्रप्रमुख कोण, हे राज्यघटनेत पाहायचं असतं. २०१३ च्या घटनेनुसार राष्ट्रपतिपदासाठी पंतप्रधान एक नाव सुचवतात, विरोधी पक्षनेता एक. दोघांचं नाव एकच असेल तर तीच निवड. नाहीतर खासदार मतदान करतात. मुदत ३ वर्षं, फार तर दोनदा. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाइकामा लालाबालावू असेच निवडून आले.

ही ढाल ज्या राजचिन्हात आहे, त्याखालच्या ब्रीदवाक्याचा अर्थ ‘देवाची भीती बाळगा, तुईचा मान राखा’. ‘तुई’ म्हणजे राजा. १९०८ मध्ये हे राजचिन्ह मिळालं तेव्हा तो ब्रिटनचा होता. पण फिजीत हा शब्द स्थानिक सरदारांच्या किताबांतही असतो; खुद्द लालाबालावू ‘तुई थाकाऊ’ आहेत.