वर्णनात्मक नोंदी कशा लिहाव्यात

निकालाचे दिवस आलेत, प्रत्येक पोराला काय येतं ते शब्दांत लिहायचं, म्हणजे वर्णनात्मक नोंदी करायच्या; तेव्हा नव्या शिक्षक बंधुभगिनींसाठी चार अनुभवाचे बोल. परवाच केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आमच्या शाळा तपासणाऱ्या साहेबांनी, माझी नोंदवही लाल पेनाने रंगवून परत केलीय, त्यामुळे ज्ञान अगदी ताजं आहे.

नोंदी पोरांकडे बघून लिहू नका. व्हॉट्सॲपवर फिरते ती पीडीएफ बघून लिहा.

अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे कोणत्या इयत्तेत काय यायला हवं त्याचा, तक्ता भिंतीवर जरा उंच लावा. खाली लावला की पोरं वाचायला येतात आणि फाटतो.

आकारिकची, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनाची, साधनं आठ : दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम वगैरे. आठही रकाने एका बैठकीत भरा, पण पेन मधूनमधून बदला. वर्षभर भरल्यासारखे दिसतात.

'येत नाही' हे शब्द चुकूनही वापरू नका. मी वापरले, म्हणून तर लाल पेन. चौथीतला एक मुलगा. आईबाप ऊसतोडीला, दिवाळीनंतर त्यांच्याबरोबर गेला तो मार्च संपताना उगवला. मी पुस्तकातल्या 'खिडकी'वर बोट ठेवलं. त्यानं शेजारचं चित्र बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "घर!" मी नोंद केली : साधे शब्द वाचता येत नाहीत. साहेब म्हणाले, "मॅडम, नकारात्मक नको. 'मदतीने वाचतो' लिहा." कुणाच्या मदतीने? मुकादमाच्या? संकलितात, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेत, त्याला ४० पैकी ६. आकारिकात मी ६० पैकी १८ दिले होते, त्याचे ५२ करायला लावले. बेरीज ५८, श्रेणी क-१. दैनंदिन निरीक्षणात १० पैकी ९! अहो, पोरगं फडात होतं, मी निरीक्षण कुणाचं केलं, रिकाम्या बस्करपट्टीचं?

छंदाच्या रकान्यात 'चित्रे काढणे' लिहा. सगळ्यांना चालतं.

बास झालं. २०१० मध्ये सातत्यपूर्ण मूल्यमापन आणलं ते पोराला काय येत नाही हे वेळेत कळावं म्हणून. तेच लिहायची चोरी असेल तर वह्या कशाला तपासता, साहेब? तुम्हाला ड किंवा त्याखालची श्रेणी दिसली की वर उत्तर द्यावं लागतं, एवढंच ना? आणि आपण तरी? मीसुद्धा खाडाखोड करून सही ठोकलीच. लाज नाही वाटली. आता वाटतेय. पुढच्या वर्षी त्याला पाचवीची वार्षिक परीक्षा आहे, तिथं आता नापासही करतात. तिथं तो आपटला की 'मदतीने वाचतो' लिहायला लावणारे साहेबच विचारायला येतील, चौथीपर्यंत बाई काय करत होत्या?