सेनेगलचा फ्रँक कॅमेरूनमध्ये चालत नाही

पाठीवर सॅक टाकून कमी खर्चात आफ्रिका बघायला निघालेल्यांमध्ये एक मेसेज फिरतोय: ‘सीएफए फ्रँक 14 देशांत चालतो. सेनेगलमध्येच पैसे काढा आणि कॅमेरून गाठा.’ हे चूक आहे. कृपया पुढे पाठवू नका, परक्या गावात कुणाची तरी अडचण होईल.

नाव एक असलं तरी चलनं दोन आहेत. पश्चिम आफ्रिकेतल्या 8 देशांच्या नोटा सेनेगलची राजधानी डाकार इथली मध्यवर्ती बँक काढते. कॅमेरून, गॅबन, चाड, काँगो-ब्राझाव्हिल, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आणि इक्वेटोरियल गिनी या 6 देशांच्या नोटा कॅमेरूनची राजधानी याउंदे इथली बँक काढते. गोंधळ होतो तो दरामुळे, कारण दोन्हीकडे 1 युरोला 655.957 फ्रँकच. पण किंमत सारखी म्हणून नोट चालेलच असं नाही.

याउंदेत शेअर टॅक्सी कशी मिळते बघा. रस्त्याकडेला उभं राहून वेग कमी केलेल्या गाडीला ठिकाण आणि पैसे ओरडून सांगायचे. पटलं तर चालक हॉर्न देतो, नाहीतर निघून जातो. अशा घाईत डाकारची नोट कोण घेणार? युरो न्या, तिथेच बदला, सुट्टे जवळ ठेवा.

पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड 10 वर्षांनी बाद होतं, असंही त्याच मेसेजात आहे. 11 जुलै 2016 पासून ते आयुष्यभर चालतं. फक्त पहिल्यांदा लस घेत असाल तर निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या.